वाऱ्याच्या हाती सुकाणू

आजचा धागा समुद्राचा आहे आणि लिहिणारा परभणीचा. म्हणजे जिथून समुद्र गाठायला अख्खे राज्य ओलांडावे लागते, तिथला. पण विषय जितका पाण्याचा तितकाच वाऱ्याचा आहे, आणि वारा आम्हांला परका नाही. खळ्यावर वावडीवर उभे राहून उपणणाऱ्या माणसाला वारा फिरला हे कोणी सांगावे लागत नसे; भुसा कुठे पडतो यावरून ते कळे. शाळेत असताना इथल्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत वातकुक्कुट पाहिला, तेव्हा वाटले, हा नुसता सांगतो, करत काहीच नाही. माणसाने त्याला कामालाही लावले होते, हे पुष्कळ उशिरा वाचनात आले.

शिडाच्या नौकेवर एकटा माणूस निघाला, तर त्याचा पहिला शत्रू वादळ नव्हे, झोप. सुकाणू सोडले की नौका भरकटते. सुकाणू धरून माणूस किती रात्री जागणार? १९६० साली अटलांटिक एकट्याने ओलांडण्याची पहिली शर्यत झाली, तेव्हा याचे उत्तर कसाला लागले. फ्रान्सिस चिचेस्टर ४० दिवसांत पोहोचून पहिला आला. त्याने आपल्या वातयंत्राचे नाव ‘मिरांडा’ ठेवले होते. दुसरा आला तो ब्लाँडी हॅस्लर. दुसऱ्या महायुद्धात लहानशा होड्यांतून बोर्दो बंदरातील जहाजांवर छापा घालणारा हा अधिकारी, आणि या यंत्राला आज रूढ असलेले रूप देण्यात त्याचा वाटा फार मोठा.

रचना ऐकायला सोपी आहे. नौकेच्या मागील टोकाला पातळ फळीचे एक पाते उभे असते, खाली त्याला तोलणारे वजन. हवी ती दिशा धरली की पात्याची कड वाऱ्याकडे करायची. नौका वळली की वारा पात्याच्या अंगावर येतो आणि ते एका बाजूला कलते. पण एवढ्याशा फळीत जड सुकाणू फिरवण्याचे बळ कुठून येणार? हॅस्लरची खरी बुद्धी इथे दिसते. ते बळ त्याने पाण्याकडून घेतले.

पाथरी-मानवतकडून जाणाऱ्या जायकवाडीच्या डाव्या कालव्यात ज्याने कधी फळी उभी धरली असेल, त्याला हे लगेच उमजेल. फळीची कड प्रवाहाला धरली तर हाताला काही जाणवत नाही. पण ती किंचित तिरपी केली की पाणी हात आडवा ओढून नेते. वरचे पाते कलते तेव्हा ते फक्त एवढेच करते: नौकेमागे पाण्यात लोंबणारी अरुंद फळी किंचित तिरपी करते. वेगाने मागे सरणारे पाणी त्या फळीला लंबकासारखे बाजूला ढकलते, तिला बांधलेले दोर सुकाणूचा दांडा ओढतात आणि नौका पूर्वीच्या दिशेला येते. मग पाते पुन्हा उभे राहते. ना इंधन, ना वीज. नौका जितकी वेगात, तितका जोर अधिक. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. हे यंत्र होकायंत्र जाणत नाही. वारा फिरला तर नौकाही निमूटपणे त्याच्यासह फिरते, आणि झोपून उठलेला खलाशी भलतीकडेच निघालेला असतो.

आता आपल्या प्रांताकडे. ‘सुहैली’ ही ३२ फुटी सागवानी नौका मुंबईत बांधली गेली, हिंदी कारागिरांच्या हातच्या जुन्या हत्यारांनी. इराणच्या आखातातील आग्नेय वाऱ्याला अरब खलाशी देतात ते हे नाव. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी फालमथहून निघाला आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ला, कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणून परतला. शर्यतीत उतरलेल्या नऊ जणांपैकी तो एकटाच पोहोचला. त्याचे वातयंत्र मात्र ऑस्ट्रेलियाजवळच कायमचे मोडले. पुढे पॅसिफिक, केप हॉर्न आणि सगळे अटलांटिक त्याने शिडांचा तोल साधून काढले. शिडे जुळवून सुकाणू बांधून ठेवले की नौका बराच काळ आपली वाट धरून राहत असे. यंत्र गेल्यावरही सरळ चालणारी ती नौका मुंबईची होती, हे विक्रम सांगताना बहुधा गाळले जाते. मला ते गाळवत नाही.

त्या शर्यतीच्या पन्नाशीनिमित्त २०१८ साली ती पुन्हा भरवली गेली. उपग्रहाच्या आधारे मार्ग शोधण्यास आणि विजेवर चालणाऱ्या स्वयंसुकाणूला बंदी होती, त्यामुळे सगळी भिस्त वातयंत्रावर आली. नौदलाचे अभिलाष टॉमी ‘सुहैली’च्याच प्रतिकृतीतून, ‘थुरिया’तून निघाले. ती गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात घडली होती. दिलीप दोंदे यांनी २००९-१०मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ‘म्हादेई’ही तिथलीच. दक्षिण हिंदी महासागरातील वादळात ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली आणि २४ सप्टेंबरला एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले.

चार वर्षांनी ते पुन्हा निघाले, या वेळी ‘बायानात’ नौकेतून. वाटेत वातयंत्राने दगा दिला, तेव्हा दुरुस्तीसाठी त्यांनी नौकेच्या शौचालयाचे दार कापून वापरले. २९ एप्रिल २०२३ रोजी ते दुसऱ्या क्रमांकाने फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले.