चाकांची पत्रिका

आपल्याकडे गाडीला एक जादा चाक पुरते. जर्मनीत हिवाळ्यासाठी चारही निराळी ठेवतात. बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर २०१० च्या नियमानुसार आवश्यकच. त्यांचे रबर थंडीतही मऊ राहते. तेथे आमच्या जावईबापूंनी आपल्या गोल्फसाठी मर्सिडीजची जुनी चाके स्वस्तात हेरली. पाच भोके, ११२ मिलिमीटरचे वर्तुळ, सारे जुळले! परंतु मधले छिद्र ६६.६, गोल्फला हवे ५७.१. फट भरण्यास कडे मिळते; तरी चाक कितपत आत-बाहेर बसेल, हा प्रश्न उरतोच. गुणमेलनाची ही रीत आम्हांस, खरे सांगतो, लग्नाच्या पत्रिकेहून अधिक पटली. मागील आसनावर आमची नात बसणार होती. जावईबापूंनी तो सौदा सोडला आणि अधिक दाम मोजून गोल्फचीच चाके आणली.