टिपणांना कुलूप

पोथ्यांतील पाठभेदांची माझी टिपणे ‘विम’ या संपादकात आहेत. तिथे चुकून ‘एक्स’ची कळ दाबली गेली, तर एक अक्षर निमूटपणे नाहीसे होते, आणि उरलेला शब्द अर्थपूर्ण असला, तर तो नवा पाठभेद म्हणून मिरवू लागतो! म्हणून वाचताना मी फाइल ‘व्ह्यू’ या आज्ञेने उघडतो. अर्थात ती केवळ हटकते; उद्गारचिन्ह जोडून जतन केले, की बदल कायम. ‘नोमॉडिफायेबल’ लावल्यावर मात्र अक्षर हलत नाही.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तीत कुणी ओवी घालू नये असे बजावले. त्यांच्यापाशी कुलूप होते ते शब्दांचेच.

नवा पाठ सुचलाच, तर मी तो वेगळ्या फाइलीत, तारीख घालून लिहितो.