अर्धा इंची नळ आणि फास्ट चार्जिंग

मंडळी, गेले दोन वीकेंड ब्लॉगवर शुकशुकाट होता. कारण आळस नव्हे (नेहमी तोच असतो, मान्य). दोन्ही शनिवार-रविवार कोल्हापुरात एका एक्सेल शीटसमोर गेले, आणि ती शीट ऑफिसची नव्हती. दादाच्या हॉटेलची होती.

दादा म्हणजे माझा चुलत भाऊ. पुणे-बंगळूर हायवेवर, पेठ नाका आणि किणीच्या मधे कुठेतरी त्याचं हॉटेल आहे. मिसळ, थाळी, चहा, बाहेर पानाची टपरी. एकेकाळी गाड्या लावायला जागा मिळायची नाही. मग सातारा-कागल सहापदरीकरण सुरू झालं, समोर भराव आला, सर्व्हिस रोड आला. जी गाडी पूर्वी थेट दारात वळायची ती आता वरून सुसाट निघून जाते. गिऱ्हाईक तुटलं असं नाही, पण पातळ झालं. आणि पातळ झालेल्या गिऱ्हाइकावर आठ माणसांचा पगार काढणं काय असतं ते दादाच जाणे.

तर दादाचं म्हणणं, आपण फास्ट चार्जर बसवू. गाडी चार्जिंगला लागली की माणूस अर्धा-पाऊण तास कुठं जात नाही. "भावा, ते काय गाडीकडं बघत उभारणार हाय का? जेवणारच की!" लॉजिक बिनतोड आहे. पुणे ते कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर. नवी ४५ किलोवॅट-तासाची नेक्सॉन हे अंतर एका दमात काढेल, पण एसी लावून, चार माणसं आणि डिकीत सामान घेऊन, शंभरच्या वेगानं गेलं की कोल्हापूर येईपर्यंत ड्रायव्हरचा एक डोळा टक्केवारीवर असतो. पुढे गोव्याला किंवा बेळगावला जायचं असेल तर थांबणं आलंच.

मग अडचण काय? अडचण डीपीची.

शहरातल्या वाचकांसाठी, गावाकडे ट्रान्सफॉर्मरला डीपी म्हणतात. दादाच्या भागातल्या डीपीवर त्याचं हॉटेल आहे, एक पिठाची गिरणी आहे, पंधरा-वीस घरं आहेत आणि उसाला पाणी देणारे पंप आहेत. दोन गाड्या एका वेळी ६० किलोवॅटनं चार्ज करायच्या तर १२० किलोवॅट हवेत. ग्रामीण भागातले डीपी बहुतेक ६३, १०० किंवा २०० केव्हीएचे असतात. म्हणजे दोन गाड्यांनी मिळून अख्ख्या वस्तीएवढा घोट घ्यायचा! ते होणार नाही. मग ११ हजार व्होल्टची लाइन ओढा, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर बसवा, त्याला जागा द्या, कुंपण घाला. त्याचा अंदाज दादानं काढला होता. तो आकडा इथे लिहीत नाही, फक्त एवढंच सांगतो की तो ऐकून काकू उठून आत गेल्या. त्यासाठी घरची तीस गुंठे जमीन तारण ठेवायचा विचार चालला होता.

आणि मग एका चार्जर विकणाऱ्या कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला, लाइन-बिइन काही ओढू नका. बॅटरीवाला चार्जर घ्या, ४० किलोवॅटचं साधं कनेक्शन पुरेल.

इथे दादानं मला फोन केला. "तू इंजिनिअर हाईस न्हवं? ह्यो खरं बोलालाय का बघ." मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे आणि माझा विजेशी संबंध लॅपटॉपच्या चार्जरपुरता आहे, हे त्याला दहा वर्षं सांगतोय. पण घरात एक इंजिनिअर असला की तो सगळ्याचाच असतो. :)

कल्पना खरं तर नवी नाही, आपण सगळे तिच्यात वाढलोय. आमच्या पेठेतल्या घरी सकाळी पाणी यायचं ते अर्धा इंची नळाला, करंगळीएवढी धार. त्या धारेखाली कुणी आंघोळ करायचं नाही. ती धार टाकीत पडायची आणि मग टाकीतून एकदम धो-धो. बॅटरीवाला चार्जर म्हणजे हीच टाकी. ग्रीडमधून सावकाश घ्यायचं, साठवायचं आणि गाडी आली की ग्रीडचं थोडं अधिक बॅटरीचं बरंच असं मिळून एकदम द्यायचं. शाळेत असताना भारनियमनाच्या काळात घराघरांत इन्व्हर्टर आले होते तेही आठवत असतील. फरक एवढाच की इन्व्हर्टर वीज गेल्यावर कामाला येतो. इथे वीज आहे, पण नळ बारीक आहे.

बाहेरही हे झालेलं आहे. अमेरिकेत इलेक्ट्रिफाय अमेरिका या कंपनीनं २०१९ मध्ये शंभराहून जास्त स्टेशनांवर टेस्लाच्या बॅटऱ्या बसवायचं जाहीर केलं. फोक्सवॅगन आणि बीपीनं २०२२ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला बॅटरीवाले चार्जर सुरू केले, मोठी लाइन न ओढता साध्या जोडणीवर चालणारे. आणि हेही सांगायला हवं की याच धंद्यातली फ्रीवायर नावाची अमेरिकन कंपनी २०२४ मध्ये बंद पडली. यंत्र चांगलं होतं, १६० किलोवॅट-तासाची बॅटरी पोटात घेऊन उभं राहणारं. पण चांगलं यंत्र आणि चालणारा धंदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपल्या स्टार्टअपवाल्या मित्रांना विचारा.

बरं, अमेरिकेतलं कारण आणि आपलं कारण एकच नाही, हे मला शीट भरताना कळलं. तिकडे व्यावसायिक बिलात महिन्यातल्या सर्वात मोठ्या उसळीवर वेगळा आकार लागतो. एका दुपारी पाच गाड्या एकदम आल्या की महिन्याचं बिल बिघडलं. बॅटरी ती उसळी कापते. आपल्याकडे केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांचा रोख उलटा आहे. चार्जिंग स्टेशनला स्थिर आकार नको, युनिटप्रमाणे एकच दर, आणि तोही सकाळी ९ ते दुपारी ४ या उन्हाच्या वेळात सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट, बाकी वेळात १.३ पट. प्रत्यक्ष दर राज्याचा आयोग ठरवतो, त्यामुळे हे गुणोत्तर जसंच्या तसं बिलात दिसेल असं धरून चालू नये. पण दिशा स्पष्ट आहे. दुपारी घ्या, संध्याकाळी विका. बॅटरीत घालून काढताना दहा टक्के वाया जातील असं धरलं तरी ०.७ चे ०.७८ होतात. १.३ च्या पुढे ते स्वस्तच.

काकांना हे पटायला वेळ लागला. काकांचं शिरोलीत छोटं मशीन शॉप आहे, फाउंड्रीवाल्यांची कामं करतात. त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय की स्वस्त वीज म्हणजे रात्रीची. बरोबरच आहे, रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपया सूट मिळायची म्हणून अर्ध्या कोल्हापूरच्या भट्ट्या रात्री पेटायच्या. आता सोलरमुळे वारं फिरलंय, दुपारची वीज स्वस्त होत चाललीय. "म्हणजे आमी जन्मभर रात्रपाळ्या केल्या त्या वाया?" काका म्हणाले. यावर काय बोलणार!

असो. आता खरा प्रश्न. टाकी केवढी? माझ्या कामाचा भाग इथे होता. आपल्या धंद्यात एपीआयवर एकदम रिक्वेस्ट आदळू नयेत म्हणून टोकन बकेट वापरतात. बादलीत ठरावीक वेगानं टोकन पडत राहतात, गर्दी आली की साठलेली टोकन खर्च होतात, बादली रिकामी झाली की सगळे रांगेत. बॅटरीवाला चार्जर म्हणजे शब्दशः टोकन बकेट. रविवारी सकाळी पोहे खाता खाता वीस ओळींचं पायथन लिहिलं.

गृहीत धरलं ते असं. ग्रीडकडून ४० किलोवॅट, बॅटरीतून प्रत्यक्ष देता येतील असे १४० युनिट, दोन गन, प्रत्येक गाडी सरासरी २८ युनिट घेणार. रविवारची संध्याकाळ, पुण्याला परतणारी गर्दी, ४ ते ९, तासाला तीन गाड्या. म्हणजे तासाला ८४ युनिट हवेत, ग्रीड देणार ४०, उरलेले ४४ बॅटरीतून. १४० भागिले ४४, साधारण तीन तास दहा मिनिटं. सात वाजून दहा मिनिटांनी बादली रिकामी! त्यानंतर स्टेशन म्हणजे ४० किलोवॅटचा साधा चार्जर. नऊ वाजेपर्यंत आलेल्या १५ पैकी १२ गाड्यांचं काम होतं, तीन अडकतात. बॅटरी नसती तर सातच झाल्या असत्या.

मी हे उत्साहानं सांगितलं. सातावरून बारा, केवढा फरक! दादा शांतपणे म्हणाला, "आणि त्या तीन गाड्यांतली माणसं फोनवर एक स्टार देणार, त्याचं काय?"

हा माणूस दहावीनंतर शिकला नाही, पण सर्व्हिस लेव्हल म्हणजे काय ते आमच्या डिलिव्हरी मॅनेजरपेक्षा त्याला जास्त कळतं. त्या विक्रेत्याच्या माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात १२० किलोवॅट लिहिलंय. ते खोटं नाही. पण ते टाकी भरलेली असतानाचं आहे. रिकामी झाल्यावर किती, हे पूर्ण पत्रकात कुठेही नाही. आणि गाड्या मोठ्या होत चालल्यात. महिंद्राच्या २०२४ च्या अखेरीस आलेल्या बीई ६ ला ७९ किलोवॅट-तासाची बॅटरी मिळते, ती १७५ किलोवॅटपर्यंत ओढू शकते. तसल्या दोन गाड्या २० वरून ८० टक्क्यांवर न्यायच्या म्हणजे ९५ युनिट, दादाच्या टाकीचा मोठा हिस्सा तिथेच संपला.

दुसरी बाजूही आहे. मंगळवारी आठ गाड्या येतील, त्याही पसरून. त्या दिवशी एवढी बॅटरी नुसती उभी. लग्नाचा हॉल बांधावा आणि आठवड्यातून एकदाच लग्न लागावं तसं. रोज दुपारी भरून संध्याकाळी वापरली तर दरातला फरक तरी पदरात पडतो, म्हणून तो वेळेचा दर या हिशेबात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बॅटऱ्यांच्या किमती मात्र खरोखर खाली आल्यात. २०१० च्या सुमारास एका किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर असलेली लिथियम बॅटरी २०२४ मध्ये सरासरी ११५ डॉलरवर आली होती. डबा, इलेक्ट्रॉनिक्स, थंड ठेवायची यंत्रणा हे सगळं वरून. तरी पूर्वी ही चर्चाच झाली नसती.

आता पाणी. कोल्हापूरकराला कुठल्याही गोष्टीत पाणी आठवतंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ आहे. दोन्ही वेळा शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि वाहनांच्या रांगा लागल्या. दादाच्या मागच्या उसात वारणेचं पाणी होतं, हॉटेलात आलं नाही, पण अडकलेल्या ट्रकवाल्यांना त्यानं चार दिवस भात-आमटी घातली. अशा वेळी वीज बंद ठेवावी लागते. तेव्हा १४० युनिट साठवलेला डबा दारात असणं म्हणजे फ्रीज, दिवे, मोबाईल, पाण्याची मोटर, सगळं दोन-तीन दिवस आरामात चालेल. मी विक्रेत्याला फोन करून विचारलं, की तुमच्या यंत्रातून हॉटेलला वीज परत घेता येते का? तो दोन सेकंद गप्प. म्हणाला, असं कुणी विचारलं नव्हतं, कळवतो. अजून कळवलेलं नाही.

काका मात्र लगेच उठून मोजपट्टी घेऊन आले. चौथरा तीन फूट की चार फूट, यावर दोघांचं अर्धा तास चाललं. चार ठरला. काकांनी आणखी एक समजावलं, तेही त्यांच्या भाषेत. आपले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे बघ, म्हणाले. पावसाळा सरला की बरगे घालायचे, पुराच्या आधी काढायचे. बांधून मोकळं होता येत नाही, दरसाल माणूस लागतो. तुझ्या डब्याचे बरगे कोण काढणार-घालणार? म्हणजे देखभाल कुणाची, आठ वर्षांनी बॅटरी दमली तर बदलणार कोण, आणि तोवर ती कंपनी असेल का. फ्रीवायरची गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती, तरी ते बरोबर तिथेच पोचले.

सध्या तीस गुंठे जागेवर आहेत. ४० किलोवॅटच्या स्वतंत्र कनेक्शनचा अर्ज दिलाय, कारण तो कुठल्याही मार्गाला लागणारच आहे. विक्रेत्याला तीन प्रश्न लेखी पाठवलेत. बादली रिकामी झाल्यावर किती किलोवॅट, आठव्या वर्षी बॅटरीची क्षमता किती राहील याची हमी, आणि हॉटेलला उलटी वीज मिळेल का. तिसरा माझा हट्ट आहे. आणि माझ्या तासाला तीन गाड्या हा आकडा शुद्ध अंदाज असल्यामुळे गल्ल्यावरच्या पोराला एक वही दिलीय. हिरव्या नंबरप्लेटची गाडी आत आली की वेळ लिहायची, आणि "चार्जिंग हाय का?" असं विचारून कुणी तसाच निघून गेला तर पुढे फुली मारायची. पहिल्या रविवारी अकरा गाड्या, सात फुल्या. मंगळवारी दोन गाड्या, एक फुली. अजून तीन रविवारांची पानं यायची आहेत.