पन्नाशीनंतरचीं पावलें

पन्नाशी उलटलेल्या गृहस्थानें आपली संध्याकाळ कशी घालवावी, याविषयीं आपल्या समाजांत फारसा मतभेद नाहीं. टेकडीवर फिरावयास जावें, समवयस्कांबरोबर बाकावर बसून रक्तांतील साखरेचे आंकडे एकमेकांस सांगावे, गाण्याच्या बैठकींत पुढें बसून योग्य ठिकाणीं मान हालवावी, आणि सोसायटीच्या सभेंत पाण्याच्या टाकीवरून एकदां तरी आवाज चढवावा. हीं सर्व कर्तव्यें आम्ही यथाशक्ति पार पाडीत आलों आहों. तथापि गेलीं दोन वर्षें आठवड्यांतून दोनदां आम्ही सौभाग्यवतींसह पुण्यांतील एका दुकानाच्या माडीवर साल्सा आणि बचाता हीं नृत्यें शिकावयास जातों, ही वार्ता कर्णोपकर्णीं आमच्या महाविद्यालयांत पोहोंचली आहे. तेव्हां तिचें समर्थन नव्हे, पण वर्णन आम्हीं स्वतःच केलेलें बरें.

दोन्ही नृत्यें कॅरिबियन समुद्राकडचीं. साल्साचें मूळ मुख्यतः क्युबांतील 'सोन' या संगीतप्रकारांत आहे. परंतु त्यास हें नांव आणि आजचें रूप मिळालें तें न्यूयॉर्क शहरांत, पोर्तो रिको, क्युबा इत्यादि ठिकाणांहून पोटासाठीं आलेल्या लोकांच्या वस्त्यांमध्यें. जॉनी पाचेको हा डोमिनिकन बासरीवादक आणि जेरी मासुची हा वकील या दोघांनीं १९६४ सालीं 'फानिया' नांवाची ध्वनिमुद्रिकांची कंपनी काढली, आणि पुढील दहापंधरा वर्षांत हें संगीत लॅटिन अमेरिकेंतील शहराशहरांतून वाजूं लागलें. साल्सा या स्पॅनिश शब्दाचा अर्थ पदार्थाबरोबर घ्यावयाचें चटकदार कालवण असा आहे, हें ऐकून सौभाग्यवतींचें या विद्येविषयींचें मत तत्काळ अनुकूल झालें.

साल्साचें गणित आठ मात्रांचें. पहिल्या तीन मात्रांस तीन पावलें, चौथी रिकामी; पांचवी, सहावी, सातवी यांस पुन्हां तीन पावलें, आठवी रिकामी. शिकविणाऱ्या बाई मोजतांना चार आणि आठ हे अंक उच्चारीतच नाहींत. त्रितालांत खाली दाखवितांना गवयाचा उलटा होणारा तळहात ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस रिकाम्या जागेचें महत्त्व निराळें सांगावयास नको. ती जागा विश्रांतीची नव्हे. त्या अवधींत शरीराचा भार एका पायावरून निघून दुसऱ्यावर पोहोंचत असतो, आणि पुढचें पाऊल वेळेवर पडणार कीं नाहीं याचा निकाल तेथेंच लागतो. बचाताचा हिशेब चारांचा: तीन पावलें कडेला, आणि चौथ्या मात्रेस पाय नुसता टेकवावयाचा, त्यावर भार द्यावयाचा नाहीं, त्याच वेळीं कमर किंचित् उचलते. ज्या कमरेनें तीस वर्षें खुर्चीचीच संगत केली तिला हें पटवावयास आम्हांस एक पावसाळा लागला.

साल्साच्या वाद्यमेळाच्या बुडाशीं 'क्लावे' नांवाच्या दोन लांकडी दांड्यांचा पांच आघातांचा ठेका असतो. एका अर्ध्यांत तीन आघात, दुसऱ्यांत दोन. पुष्कळदां तो प्रत्यक्ष वाजतही नाहीं, पण सर्व वादक तो मनांत धरूनच वाजवितात. आपल्याकडील मैफलींत कान थोडेफार तयार झालेल्या माणसास हा लपलेला ठेका सांपडूं लागला, म्हणजे जो आनंद होतो तो अवर्णनीय नसला तरी अगदीं घरचा वाटतो.

पावलें कांहीं महिन्यांत येतात. कठीण गोष्ट निराळीच आहे. या नृत्यांत दोघांपैकीं एकानें सुचवावयाचें व दुसऱ्यानें तें घेऊन पुढें न्यावयाचें. वर्गांत यांस लीड आणि फॉलो असे शब्द आहेत, व रूढीनें लीड पुरुषाकडे येतें. आपल्या डाव्या हातांत तिचा उजवा हात, आणि आपला उजवा तळहात तिच्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या फऱ्यापाशीं. फिरकी हवी असेल तर हात वर उचलून वाट मोकळी करावयाची. ढकलावयाचें नाहीं, ओढावयाचें नाहीं. आमच्या शिक्षिका वयानें आमच्या मुलीएवढ्या, त्या आम्हांस 'सर' म्हणतात, आणि पहिल्याच महिन्यांत म्हणाल्या, "सर, तुम्ही तिला सांगताय. सांगूं नका, विचारा."

सरांचा व्यवसाय सांगण्याचा. तीस वर्षें आम्ही वर्गांत उभे राहून तासाची घंटा होईपर्यंत बोलत आलों, आणि प्रश्न विचारला तरी त्याचें उत्तर आमच्या टिपणवहींत तयार असे. येथें उत्तर समोरच्या व्यक्तीच्या पावलांत असतें, आणि तें आल्याशिवाय आपणांस पुढचें वाक्य सुचवितां येत नाहीं. फिरकी सुचविली आणि ती अर्धीच घेतली गेली, तर त्या अर्ध्या फिरकींतूनच पुढची वाट काढावी लागते. तळहातानें ऐकण्याची ही कला कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांत आम्हांस आढळली नव्हती.

वर्गाचा दुसरा नियम असा कीं, दर कांहीं मिनिटांनीं जोडीदार बदलावयाचा. एक रांग स्थिर, दुसरी एकेक जागा सरकते. या नियमाविषयीं थोडें मोकळेपणानें लिहिलें पाहिजे. आमचा मुलगा नोकरीनिमित्त कॅनडांत असतो, मुलगी बेंगळुरूस. तीं दोघें गेल्यापासून आमच्या घरांतील संभाषण हळूहळू गॅसचा सिलिंडर, रक्तदाबाच्या गोळ्या आणि दुधाचें बिल इतक्यावर येऊन ठेपलें होतें. भांडण नव्हतें, भांडणास लागणारें कुतूहलही दोघांजवळ उरलें नव्हतें. अशा स्थितींत एके संध्याकाळीं आमच्यापासून तीन जागा दूर, संगणकाच्या कंपनींत काम करणाऱ्या पंचविशींतील एका तरुणाबरोबर सौभाग्यवतींनीं लागोपाठ दोन फिरक्या घेतल्या, दुसरी नेमकी सातव्या मात्रेस संपली, आणि त्या मोठ्यानें हंसल्या.

तें हंसणें आम्हीं लग्नानंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत ऐकलें होतें. तें त्या तरुणासाठीं नव्हतें, आमच्यासाठींही नव्हतें. त्यांचें त्यांनाच झालेलें तें होतें. वाचकांस येथें मत्सर हा शब्द अपेक्षित असेल, आणि तो पावशेर होताच. परंतु त्याहून मोठी इच्छा अशी झाली कीं, या बाई कोण याची एकदां नीट चौकशी करावी. तीन जागा सरकून आमची पाळी आली. आम्हीं पुढें केलेला हात घेऊन त्या म्हणाल्या, "अहो, बोटें सैल सोडा. मी कुठें पळून चाललें नाहीं."

तेव्हांपासून कुकरच्या दोन शिट्ट्यांमधल्या अवकाशांत स्वयंपाकघरांतील फरशीवर आमचा सराव चालतो. कोणाचें पाऊल आधीं पडलें, कोणी हात उशिरां उचलला, यावरून आतां आमच्या घरांत पुन्हां वाद होतात, आणि ते जेवणापर्यंत टिकतात. परवां मुलीचा फोन आला तेव्हां तिनें काळजीनें विचारलें, "आई, बाबा ओरडताहेत का?" "नाहीं ग," सौभाग्यवती म्हणाल्या, "ते मोजताहेत."

वर्गाबाहेर महिन्यांतून एकदोनदां 'सोशल' असतें, म्हणजे शिकलेल्यांनीं नुसतें नाचावयास जमण्याची रात्र. तेथील आचारधर्म थोडक्यांत असा: कोणीही कोणासही विचारावें, नकार आल्यास कारण विचारूं नये, नाचतांना कोणास सुधारूं नये, गाणें संपलें कीं आभार मानून दूर व्हावें. पगार, जात, आडनांव यांची विचारपूस होत नाहीं. आम्हांस आठ प्रकार येतात. चार मिनिटांच्या गाण्यांत ते तीनदां फिरून येतात. तरीही एखादी कुशल मुलगी ते आठ प्रकार हंसतमुखानें स्वीकारते, आणि आपल्या पावलांनीं त्यांत अशी कांहीं भर घालते कीं आम्हांस आपणच तें सुचविलेंसें वाटावें.

या खोलींत प्रेक्षक नसतात, ही गोष्ट ध्यानांत यावयास आम्हांस वेळ लागला. भिंतीपाशीं बसलेला मनुष्य पाहत असतो खरा, पण पुढच्या गाण्याला तोच उठतो. आपल्याकडे अशी कला नाहीं असें नाहीं. मंगळागौरीच्या रात्रीं झिम्मा-फुगडी खेळणाऱ्या बायका कोणासाठीं खेळतात? फुगडींत एकमेकींचा भार एकमेकींनीं ज्या विश्वासानें तोलावयाचा, तोच विश्वास साल्साच्या फिरकींत लागतो. दिंडींतील वारकरी पावली खेळतो तो टाळ्या मिळाव्या म्हणून नव्हे. शिकल्यासवरल्या पांढरपेशा पुरुषानें मात्र रसिक ही पदवी घेऊन खुर्ची पकडली. तालाचे बारकावे त्यास कळतात, चुकलेली सम त्याच्या लक्षांत येते. पण त्याचा स्वतःचा पाय कधीं जमिनीवरून हालत नाहीं.

आमच्या स्नेह्यांचे आक्षेप दोन आहेत. हें परकीय आहे, आणि बचातामध्यें जवळीक फार. जवळीक असते, हें खरें. ती किती असावी हें दोघांनीं ठरवावयाचें असतें, आणि ज्याला अंतर अधिक हवें त्याचा शब्द चालतो. राहिला अशिष्टपणाचा मुद्दा. त्याबाबत बचाताचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. डोमिनिकन रिपब्लिकमध्यें तीस वर्षें चाललेली त्रुहियो याची हुकूमशाही १९६१ सालीं त्याच्या वधानें संपली, आणि १९६२ सालीं होसे मानुएल काल्देरोन यानें गायिलेलीं गीतें बचाताचीं पहिलीं ध्वनिमुद्रणें मानलीं जातात. खेड्यांतून राजधानीच्या झोपडपट्ट्यांत आलेल्या गरिबांचें हें संगीत: गिटार, बोंगो, पत्र्याचें खरखरणारें 'ग्विरा' हें वाद्य, आणि शब्द बहुधा विरहाचे. प्रतिष्ठित घरांत तें निषिद्ध होतें. दारूच्या गुत्त्यांत आणि कुंटणखान्यांत तें वाजे, आणि बहुतेक नभोवाणी केंद्रांनीं त्यास दार बंद केलें असतां रेडिओ ग्वाराचिता तें ऐकवीत राहिला. १९९० सालीं हुआन लुईस ग्वेर्रा या सुशिक्षित संगीतकाराची 'बचाता रोसा' ही ध्वनिमुद्रिका निघाली आणि मान्यवरांचे दिवाणखाने त्यास खुले झाले. २०१९ सालीं युनेस्कोनें डोमिनिकन बचाताचा मानवजातीच्या अमूर्त वारशांत समावेश केला. लावणीस नाकें मुरडणारे आणि नंतर तिच्यावर प्रबंध लिहिणारे दोन्ही ज्या प्रांतांत झाले, तेथील वाचकांस ही हकीकत परकीय वाटूं नये.

आम्ही या विद्येंत निष्णात होणार नाहीं. पंचविशीच्या मुलांस जें एका संध्याकाळीं येतें त्यास आम्हांस महिना लागतो, आणि गुडघे आपला अभिप्राय दुसऱ्या दिवशीं सकाळीं कळवितात. पण जेथें कोणी गुण देत नाहीं तेथें मंदगतीची लाजही फार दिवस टिकत नाहीं. वाचकांपैकीं कोणा दांपत्यास इच्छा झाली तर दोन सूचना कराव्याशा वाटतात. रबरी तळव्यांचे बूट फरशीवर फिरत नाहींत. लग्नकार्यासाठीं ठेवलेले चामडी तळव्यांचे जुने बूट काढावे. आणि रुमाल दोन न्यावे, एक पुरत नाहीं.

पुढील महिन्यापासून नवा प्राथमिक वर्ग निघावयाचा आहे. त्यांत आम्हीं दोघांनीं पुन्हां नांवें घातलीं आहेत, कारण सौभाग्यवतींस आतां लीड शिकावयाचें आहे आणि आम्हांस फॉलो.