जुना सांचा, नवी पेटी

इंग्लंडांतील एअरफिक्स कंपनी १९५० नंतरच्या दशकांत लहान विमानांचे सुटे भाग साध्या पिशवींत घालून वुलवर्थच्या दुकानांतून दोन शिलिंगांस विकी. खाऊच्या पैशांत विमान! पोलादी सांच्यास खर्च फार. म्हणून पुढें त्याच सांच्यांतील भाग नव्या चित्राच्या पेटींत पुनः पुनः येत राहिले. आंतील सांचा किती जुना, हें पेटीवरून मुलास कळणें कठीण. २००६ सालीं मालक कंपनी बुडाली व हॉर्नबीनें एअरफिक्स विकत घेतली. आतां जुन्या सांच्यांचीं विमानें 'व्हिंटेज क्लासिक्स' या नांवानें निराळीं विकतात. मला शिक्षकाला हा उघडपणा फार आवडतो. जुन्या भागांच्या सांध्यांत फटी राहतात; पण हें आधीं ठाऊक असलें म्हणजे मुलगा रडत बसत नाहीं, लांबी भरावयास घेतो.