वरच्या खोलीचा पत्ता



मागच्या शनिवारी तिवस्याला गेलो होतो. अमरावती-नागपूर रस्त्यावरचं आमचं गाव. गुरुकुंज मोझरी माहीत असेल, तर ते आमच्याच तालुक्यातलं. तिथे माझ्या चुलतभावाचा, म्हणजे दादाचा, कॉम्प्युटर क्लास आहे. यंदा त्याने कर्ज काढून वर एक खोली बांधली, दहा पीसी लावले. सोमवारी नवी बॅच सुरू होणार, आणि वरच्या एकाही पीसीला आयपी मिळेना!

"पुण्याले एवढ्या मोठ्या कंपनीत हायेस तू. तुले पाच मिनिटं लागतीन," इति दादा. मलाही तसंच वाटलं होतं.

खाली १९२.१६८.१.०, वर १९२.१६८.२.०. फी-हिशोबाचा कॉम्प्युटर पोरांपासून वेगळा राहावा म्हणून दोन नेटवर्क करायचा सल्ला माझाच, फोनवरून दिलेला. मध्ये दोन नेटवर्क कार्डांचा जुना लिनक्स पीसी, राउटर म्हणून. डीएचसीपी सर्व्हर खाली. मी ऐटीत कॉन्फिग फाइलमध्ये दुसरा सबनेट लिहिला, सर्व्हर रीस्टार्ट केला. वर आपले १६९.२५४ वालेच पत्ते. म्हणजे कुणी उत्तर देईना म्हणून विंडोजने स्वतःच ठरवून घेतलेले.

मग ट्यूब पेटली. नवीन पीसी पत्ता मागतो तो ब्रॉडकास्ट करून, आणि ब्रॉडकास्ट म्हणजे दवंडी. ती गावाच्या वेशीबाहेर ऐकू जात नाही. राउटर ही वेस. तिथे एक कोतवाल लागतो, जो निरोप ऐकून तालुक्याला नेईल आणि त्यावर गावाचं नाव लिहील. हा कोतवाल म्हणजे रिले एजंट, आणि ते नाव म्हणजे पाकिटातलं 'जीआयॲडर' हे खातं. ते बघूनच सर्व्हर ठरवतो, कुठल्या सबनेटमधला पत्ता द्यायचा. मधल्या पीसीवर रिले चालू केला.

तरी नाही.

रात्रीचे दहा वाजले होते. मी वैतागून म्हणालो, "दादा, तुझी केबलच स्वस्तातली आहे." तो काही बोलला नाही. क्रिम्पिंगचा पाना घेऊन मुकाट्याने वर गेला आणि टोकं नव्याने बसवत राहिला.

शेवटी सर्व्हरवर टीसीपीडंप लावला, पोर्ट ६७. वरची मागणी येत होती. सर्व्हर ऑफरही पाठवत होता! पण १९२.१६८.२.० कडे जायचा रस्ता त्याला कुणी सांगितलाच नव्हता. त्यामुळे उत्तर डिफॉल्ट गेटवेकडे, म्हणजे इंटरनेटच्या राउटरकडे जाऊन तिथेच हरवत होतं. तो रस्ता सांगायचं काम माझं होतं. एक ओळ, आयपी रूट ॲड. इंटरनेटच्या राउटरलाही तोच रस्ता सांगितला. रीबूटनंतर पुसला जाऊ नये म्हणून सर्व्हरच्या नेटवर्कच्या फाइलमध्येही लिहून ठेवला.

वरून हाक आली, "आलं रे नेट!"

जिना चढून गेलो. दादा सातव्या केबलवर होता. म्हटलं, "केबल चांगली होती रे. चूक माझी होती."

"मले मालूम होतं ना," तो म्हणाला. "पण तू एवढा शिकलेला. म्हटलं, पाहून घ्या एकदा."

असो. तिथला डीएचसीपीडी जुना आहे, आयएससीने त्याची देखभाल २०२२ मध्येच थांबवली. पुढच्या खेपेला 'किआ' टाकायचंय. आणि या वेळी दादाला शेजारी बसवून, प्रत्येक ओळ समजावून. तो समजून घेतोच, समजावायला मीच कधी थांबलो नव्हतो.