रान, जंगल आणि लोणार

आमच्या परभणी जिल्ह्यात 'रान' म्हणजे शेत. रानात गेला म्हणजे कापूस वेचायला गेला. जंगल असलं तर जिंतूरच्या बाजूला थोडंफार. बाकी काळी मातीच. त्यामुळे आठवीत 'झील' आणि 'जंगल' शिकवायला घेतलं की मुलींच्या डोळ्यांसमोर काश्मीर येतं. येलदरी दाखवावं, तर ते पूर्णा नदीवर बांधलेलं धरण. म्हणून सहलीसाठी शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार ठरवलं.

अडचण पैशांची कमी, परवानगीची जास्त. मोंढ्यात हमाली करणारे एका मुलीचे अब्बा म्हणाले, "आपा, लडकी कू जंगल में कायकू ले जाते?" मगरिबच्या आत परत येऊ, सोबत दोन शिक्षिका आहेत, सगळं सांगून झालं. ते नाहीच म्हणाले. तीच मुलगी वर्गात नकाशे सर्वांत चांगले काढते.

उल्का आदळून बेसॉल्टच्या खडकात पडलेला हा खड्डा साधारण १.८ किलोमीटर रुंद आहे. त्याचं वय आधी पन्नास हजार वर्षं सांगत. नंतरच्या अभ्यासाने ते साडेपाच लाखांच्या पुढे गेलं. काठावरून खाली उतरताना साग, बाभूळ, चिंच, सीताफळ. मोर ओरडतात, वानरं टिफिनवर डोळा ठेवतात. तळाशी खारट, अल्कधर्मी पाणी. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं, मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी सरोवर रामसर यादीत आलं. 'आईने-अकबरी'तही लोणार आहे, अबुल फज़लने इथल्या साबण आणि काचेच्या कच्च्या मालाची नोंद केली आहे. हे ऐकून मुली पाण्याकडे जरा आदराने बघू लागल्या. वास मात्र सहन होईना, दुपट्टे नाकाला लागले!

शाळेतून लिटमसच्या पट्ट्या नेल्या होत्या. लाल पट्टी बुडवली, निळी झाली. मुलींनी एक पट्टी वाळवून वहीच्या पानावर चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी न आलेल्या मैत्रिणीला दिली.

तिने पट्टी पाहिली, मग फळ्यावरची माझी आकृती पाहिली. "आपा, गोमुख का मीठा पानी अंदर आता, बाहर निकलने कू रास्ता नहीं. तो जाता किधर?"

चाळीस मुली जाऊन आल्या होत्या, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"धूप से भाप बनके उड जाता."

"और नमक?"

"वहीं रहता."

तिने आकृतीत वर जाणारे बाण काढले.